सत्तेचाळीस नंबरची नोंद

माझी बायको जनावरांची डॉक्टर होती आणि मी गाई पाळतो. लग्न ठरलं तेव्हा तिचे काका म्हणाले होते, "चला, पेशंट घरचेच झाले." तेहेतीस वर्षं तसंच चाललं. ती जाऊन आता दीड वर्ष झालं. ही हकिगत नियमावलीतल्या तिच्या एका कलमाची आहे. ते कलम माझ्यामुळे गेलं.

देशभरातल्या पाळीव जनावरांसाठी किमान नियम ठरवायला सरकारनं एक समिती नेमली होती. गाई, डुकरं, कोंबड्या, मेंढ्या, सगळ्यांसाठी. जनावरांना कसं ठेवायचं, कसं न्यायचं, कसं मारायचं, हे सगळ्या देशात एकसारखं असावं म्हणून. ती त्या समितीवर सहा वर्षं होती. महिन्यातून एकदा पहाटेची गाडी पकडून जायची आणि संध्याकाळी आली की पाय पाण्यात सोडून बसायची. "आज काय झालं?" मी विचारायचो. "पाण्याच्या हौदाची लांबी झाली," ती सांगायची. "पुढच्या महिन्यात लॉरीच्या उतरणीची फळी." समितीचे सचिव प्रत्येक वाक्यावर अडायचे, म्हणून तिनं त्यांचं नाव स्वल्पविराम ठेवलं होतं. घरात आम्ही त्यांना त्याच नावानं ओळखायचो.

चौऱ्याहत्तर कलमं झाली. त्यातलं एकतिसावं तिचं. बाकीच्यांत तिचा हात होता, पण हे तिनं एकटीनं लिहिलं, आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. ते बसलेल्या जनावरांबद्दल होतं. बसलेलं म्हणजे रवंथ करत बसलेलं नव्हे. ज्याला उठता येत नाही ते. गाय व्याली की कधी अंगातलं कॅल्शियम एकदम उतरतं आणि ती खाली बसते. कधी घसरून पडते, कधी वासरू ओढताना नस दबते. बऱ्याच गाई औषधानं काही तासांत उठतात. ज्या उठत नाहीत त्यांचं पुढं काय होतं ते सगळ्या धंद्याला माहीत आहे. पायाला साखळी बांधतात, लॉरीत ओढतात आणि जिवंत आहे तोवर कत्तलखान्यात पोचवतात. मेलेली तिथं घेत नाहीत.

तिचं कलम असं होतं. जनावर बसलं की वेळ लिहायची. खाली वाळू किंवा जाड पेंढा घालायचा. दर तीन तासांनी कूस बदलायची, कारण गाईचं वजन तिच्याच पायावर पडतं आणि खालचं मांस मरतं. साखळी नाही, लॉरी नाही. चोवीस तासांत उठली नाही तर डॉक्टरला बोलवायचं आणि आहे त्याच जागी सुई देऊन संपवायचं.

लोक तिला म्हणायचे, बाई, चोवीस तास फार कमी. त्यावर तिच्याकडे एक वही होती. वीस वर्षांत ज्या गाई चोवीस तासांनंतरही बसून राहिल्या आणि मालकानं संपवू दिल्या नाहीत, त्यांची. एकशे चाळीस गाई. त्यातल्या सात उठल्या.

"सात उठल्या हे मी लपवत नाही," ती मला म्हणाली होती. "पण बाकीच्या एकशे तेहेतीस मी रोज जाऊन पाहिल्यात. त्या सातांसाठी त्यांचं काय काय झालं ते मालकाला दिसत नाही. त्याला आशा दिसते. म्हणून घड्याळ पाहिजे. माणसावर सोपवलं की माणूस थांबतो."

मी तेव्हा मान हलवली होती. मला ते पटलंही होतं.

मग तिच्या मणक्यात गाठ निघाली. शेवटचे अकरा आठवडे ती उठू शकली नाही. मुलगी नोकरीवर रजा टाकून आली. आम्ही दोघं दर दोन तासांनी तिची कूस बदलायचो. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. तरी झाल्या. दहाव्या आठवड्यात ती म्हणाली, "अहो, आता मला हलवू नका. इथंच राहू दे." मी हो म्हणालो. पण पुढच्याच आठवड्यात मोठ्या हॉस्पिटलात कुणी नवा डॉक्टर आलाय असं कळलं आणि मी तिला अँब्युलन्समध्ये घातलं. अडीच तासांचा रस्ता. प्रत्येक खड्ड्याला ती माझा हात दाबायची. खाट मिळाली नाही, तिसऱ्या दिवशी ती तिथल्या कॉरिडॉरमध्येच गेली.

महिन्याभरानं स्वल्पविरामांचा फोन आला. समितीच्या दोन बैठका राहिल्या होत्या. पशुपालकांचा प्रतिनिधी म्हणून मी बसावं असं अध्यक्षांना वाटत होतं. "बाईंच्या जागी नव्हे," ते म्हणाले, "बाईंच्या जागी कोण बसणार, पण, आपल्याला सगळं माहीत आहे, आणि, आपला गोठा चाचणीतही आहे." फोनवरसुद्धा तो माणूस स्वल्पविराम देत होता. मी हो म्हणालो. मला एवढंच करायचं होतं की तिचं कलम जसं आहे तसं छापलं जावं. एवढं झालं की मी मोकळा.

चाचणी म्हणजे बारा गोठ्यांनी वर्षभर मसुद्याप्रमाणे वागून पाहायचं आणि नोंदी पाठवायच्या. आमचा गोठा बत्तीस गाईंचा, बारातला सगळ्यांत लहान.

चाचणीच्या शेवटच्या महिन्यात सत्तेचाळीस नंबर बसली. बायको गाईंना नावं ठेवू द्यायची नाही, नंबरच. "नाव ठेवलं की सुई देताना हात थरथरतो," म्हणायची. सत्तेचाळीस तिनं स्वतः गाईच्या पोटातून बाहेर काढली होती, कोपरापर्यंत हात घालून, उलटं वासरू फिरवून. तिसऱ्या वेताची गाय. व्याली आणि बसली. कान गार पडले होते. आमच्याकडे वीस वर्षं धारा काढणाऱ्या मावशीनं आणि मी वाळू टाकली, दोन्ही बाजूंना पेंढ्याच्या गासड्या लावल्या, कारण गाय छातीवर बसती राहायला हवी. आडवी झाली की पोट फुगतं आणि ती गुदमरते. मानेच्या शिरेतून कॅल्शियम दिलं. कान गरम झाले, शेण टाकलं, चारा खाल्ला. उठली मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी चोवीस तास भरले तेव्हा नवा डॉक्टर आला. तरुण, बायकोच्या हाताखाली शिकलेला. त्यानं पाय दाबून पाहिले, सुई भरली.

"उद्यापर्यंत थांबू," मी म्हणालो.

"काका, मसुद्यात चोवीस तास आहेत."

"मसुदा मला माहीत आहे. माझ्या स्वयंपाकघरात लिहिलाय तो."

"म्हणूनच म्हणतो. मॅडम असत्या तर..."

"त्या नाहीत," मी म्हणालो.

त्यानं सुई परत डब्यात ठेवली. मावशी गासडीवर बसून बघत होती. तो गेल्यावर म्हणाली, "दादा, ज्याचं जळतं त्याला कळतं. पण हिचंही जळतंय, बघा." गाय दात खात होती. दुखतं तेव्हा गाई दात खातात.

मी चाचणीच्या वहीत लिहिलं: चोवीस तास पूर्ण. डॉक्टर आले. थांबवलं, मी. नोंद खरी लिहायची हे तिनं शिकवलेलं होतं आणि खोटं लिहायचं माझ्या मनातही आलं नाही.

तिसरा दिवस, चौथा दिवस. आम्ही दर तीन तासांनी तिला फिरवत होतो. सहाशे किलोची गाय. मावशीच्या मनगटाला सूज आली. गाईच्या मांडीला ढोपराजवळ कातडं गेलं, मी मलम लावलं. मलमाची ट्यूब बायकोच्या खाटेजवळचीच होती, शिल्लक राहिलेली. मावशीनं ती पाहिली आणि मला पहिल्यांदाच रागावून बोलली. "आता पुरे करा. बाईसाहेबांचं मी पाहिलं. पुन्हा पाहायला लावू नका."

"एकच दिवस," मी म्हणालो.

"तेव्हाही असंच म्हणत होतात."

पाचव्या दिवशी सकाळी, एकशे तीन तासांनी, सत्तेचाळीस नंबर उठली. मी बादली ठेवायला वाकलो होतो. तिनं मागचे पाय सरळ केले, थरथरत उभी राहिली आणि बादलीत तोंड घातलं. मावशी तोंडावर पदर धरून रडली. मी गोठ्याबाहेर जाऊन हौदाच्या कडेवर बसलो. खरं सांगतो, तेवढा आनंद मला त्या वर्षात दुसरा झाला नव्हता. मग मी आत जाऊन वेळ लिहिली आणि दुपारी टपालात नोंद टाकली. ती समितीकडे जाणारच होती, तसा नियम होता. त्यातून पुढं काय होईल याचा मी विचार केला नाही.

शेवटची बैठक चौथ्या मजल्यावर होती. लांब टेबल, प्रत्येकापुढे एक माइक, बटण दाबलं की त्यावर लाल दिवा लागतो. अध्यक्षबाई निवृत्त अधिकारी, बोलायला मऊ आणि घड्याळाच्या पक्क्या. माझ्या समोर वाहतूकदारांचे प्रतिनिधी होते, तिच्या भाषेत लॉरीवाले. जाडजूड, हसरा माणूस. तिच्या अंत्यविधीला आले होते आणि खरंच रडले होते. सहा वर्षं ते त्या कलमाच्या आड येत होते आणि सहा वर्षं ती त्यांना चहात साखर कमी घाला म्हणून सांगत होती.

तीसपर्यंत कलमं भराभर झाली. एकतिसाव्याला अध्यक्षबाईंनी आकडेवाल्यांना बोलायला सांगितलं. हे एक बारीक, प्रामाणिक गृहस्थ, चाचणीच्या नोंदी तेच मोजत होते.

"बारा गोठ्यांत वर्षभरात एकसष्ट जनावरं बसली," ते म्हणाले. "चोवीस तासांच्या आत अडतीस उठली. राहिली तेवीस. पैकी बावीस मसुद्याप्रमाणे संपवली. एक ठेवलं. ते एकशे तीन तासांनी उठलं."

"म्हणजे चोवीस तासांपुढे ठेवलेली किती?" लॉरीवाल्यांनी विचारलं.

"एक."

"आणि उठलेली?"

"एक."

"शंभर टक्के," लॉरीवाले म्हणाले.

"एकावरून टक्के काढत नाहीत," आकडेवाले म्हणाले.

"अहो, शितावरून भाताची परीक्षा."

"पातेल्यात एकच शीत असेल तर काय परीक्षा करणार?"

दोघंतिघं हसले. आकडेवाले हसले नाहीत. "पण माझ्याकडे दुसरी नोंदच नाही," ते म्हणाले. "बाकीची बावीस संपवली, ती उठली असती की नाही ते मी सांगू शकत नाही. आहे ते एवढंच आहे."

लॉरीवाले माझ्याकडे वळले. आवाज खाली आणला. "वहिनींबद्दल मला काय वाटतं ते तुम्हाला माहीत आहे. पण बघा ना, वहिनींच्या कलमानं वहिनींचीच गाय गेली असती. तुम्ही थांबलात. माणूस म्हणून थांबलात. तेवढीच मुभा आम्ही मागतोय. मालकाला थांबू द्या, आणि उपचारासाठी हलवू द्या. एवढंच."

"गाय आता कशी आहे?" अध्यक्षबाईंनी मला विचारलं.

मी बटण दाबलं. "चांगली आहे."

"लंगडते का?"

"नाही."

"दूध?"

"देते."

"आणखी काही सांगायचंय तुम्हाला? या कलमाबद्दल?"

लाल दिवा चालू होता. मला एकशे चाळीस आकडा पाठ होता. सातही पाठ होता. तिची वही घरी कपाटात होती, आणि नुसतं तोंडी सांगितलं असतं तरी आकडेवाल्यांनी ते लगेच लिहून घेतलं असतं. ते पेन उघडून माझ्याकडेच बघत होते. मला फक्त म्हणायचं होतं की मी थांबलो ते चुकलं. ही उठली, पण थांबणं चुकलं. चार दिवस ती दात खात होती. उठणार हे मला माहीत नव्हतं, मला फक्त सुई नको होती.

ते मला म्हणता आलं नाही. ते म्हटलं असतं तर त्याच दमात अँब्युलन्सचंही म्हणावं लागलं असतं. त्या टेबलावर कुणी मला ते विचारलं नसतं, पण मी स्वतः ऐकलं असतं.

"नाही," मी म्हणालो आणि दिवा बंद केला.

स्वल्पविरामांनी नवीन मजकूर वाचला. बसलेलं जनावर मालकाला आशा वाटेल तोवर देखरेखीखाली ठेवता येईल. उपचारासाठी हलवता येईल. वाळू, कूस बदलणं, तासांच्या नोंदी, हे सगळं चोवीस तासांच्या वाक्याला जोडलेलं होतं, त्याच्याबरोबर तेही गेलं. कुणी ते मुद्दाम काढलं नाही. हरकत आहे का विचारलं, कुणी हात वर केला नाही. अध्यक्षबाई म्हणाल्या, "कलम बत्तीस." बाहेर जिन्यात लॉरीवाल्यांनी माझा खांदा धरला. "वहिनी वरून बघत असतील तर मला शिव्या देत असतील," ते म्हणाले. मी म्हणालो, "तुम्हाला नाही."

त्या आठवड्यात मुलीचा फोन आला. तिनं वर्तमानपत्रात वाचलं होतं.

"बाबा, आईची वही तुमच्याकडेच आहे ना?"

"आहे."

"तुम्ही नेली नव्हती?"

"नाही."

"सांगितलंही नाही?"

तिच्याकडे पाण्याचा नळ चालू होता, तो तिनं बंद केला. "जेवलात का?" तिनं विचारलं. त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. आईवर गेली असती तर काढला असता. ती माझ्यावर गेली आहे.

मी वही स्वल्पविरामांना पाठवली, रजिस्टर पोस्टानं. त्यांचं उत्तर आलं, हातानं लिहिलेलं. मानकं छापून झाली आहेत, पुढचा आढावा पाच वर्षांनी, तेव्हा ही वही जरूर समितीपुढे ठेवली जाईल, आपला आभारी आहे. खाली एक ओळ वेगळी होती. "बैठकीत का बोलला नाहीत, हे विचारण्याचा मला अधिकार नाही." त्या ओळीत एकच स्वल्पविराम होता.

सात महिन्यांनी मला एक भाकड गाय घेऊन जनावरांच्या संकलन केंद्रात जावं लागलं. तिथून लॉऱ्या कत्तलखान्याकडे जातात. गाय माझी, चालती, धडधाकट, ती तराजूवर गेली. कागद होईपर्यंत मी मागच्या बाजूला गेलो. तिथं नवं पत्र्याचं छप्पर घातलेलं दिसलं आणि दारावर पाटी होती: देखरेख विभाग.

खाली सिमेंट होतं, धुतलेलं. अकरा गाई पडल्या होत्या. प्रत्येकीच्या गळ्यात दोरीनं एक पुठ्ठा, त्यावर तारीख. एकीच्या मागच्या पायाला साखळीचा वळ होता, ताजा. पाण्याच्या बादल्या भिंतीपाशी ओळीनं होत्या, स्वच्छ, कुठल्याच गाईचं तोंड पोचणार नाही अशा.

तिथला मुकादम आला. पन्नाशीचा, अदबीनं बोलणारा. "काही हवंय का काका?"

"या कशासाठी आहेत?"

"देखरेखीसाठी. मालक पाठवतात, उपचारासाठी. उठल्या तर उठल्या. नाहीतर पुढची लॉरी मिळाली की पुढे. सगळं नियमात आहे, कागद दाखवू?"

"यांना फिरवतं का कुणी? कुशीवर?"

"फिरवायचं नियमात नाही," तो म्हणाला. खोडसाळपणा नव्हता त्यात. तो मला माहिती देत होता.

"डॉक्टर?"

"मालकानं बोलावला तर. मालक कशाला बोलावतो?"

कोपऱ्यातली एक काळीपांढरी गाय आडवी झाली होती. पाय ताणलेले, पोट डाव्या बाजूनं फुगलेलं, डोळा सिमेंटला टेकलेला. पुठ्ठ्यावर सहा दिवसांपूर्वीची तारीख होती.

"हिला संपवा," मी म्हणालो. "आता, इथंच."

"तो अधिकार मला नाही काका. मालकाला फोन केला होता, तो म्हणाला राहू दे, आशा आहे." मग माझ्या तोंडाकडे बघून तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "गाई पाचव्या दिवशीसुद्धा उठतात. ते सिद्ध झालंय. कुठंशी एक गाय उठली होती, त्यावरूनच नियम केला म्हणे."

मी गाईच्या पाठीशी गेलो आणि तिच्या खांद्याखाली हात घातले. एकट्याला होणारं काम नाही ते. त्यानं थोडा वेळ पाहिलं, मग बाह्या वर केल्या आणि आला. दोघांनी मिळून तिला छातीवर आणली. तिच्या तोंडातून मोठी ढेकर निघाली, पोट थोडं उतरलं. मी इकडेतिकडे पाहिलं. टेकू द्यायला तिथं पेंढा नव्हता, गासडी नव्हती, काहीच नव्हतं. मग मी खाली बसलो आणि माझा गुडघा तिच्या बरगड्यांना लावला. तिनं मान वळवून माझ्या बाजूला टेकवली. ती दात खात होती. मुकादमानं एक बादली उचलून तिच्या तोंडाशी आणली आणि ती पाणी प्यायली, बराच वेळ.

"बघा," तो म्हणाला, "आहे अजून जीव."

तो त्याच्या कामाला गेला. मी बसून राहिलो. बाकीच्या दहा गाई जिथल्या तिथं होत्या. माझा पाय सुन्न झाला, मग मी दुसरा गुडघा लावला. चार वाजता एक लॉरी आली आणि गेली.

पावणेपाचला मुकादम परत आला. हातात किल्ल्या होत्या. "काका, पाचला फाटक बंद होतं," तो म्हणाला. "तुमचा कागद झालाय."

"पाच मिनिटं," मी म्हणालो.

तो उभा राहिला. त्यानं मला घाई केली नाही. पाच मिनिटं झाल्यावर त्यानं फक्त किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या. मी गुडघा काढला.